दाराखालचा सूर्य

जेवणं उरकली, आवराआवर झाली, आणि मर्ल आजोबा नातवंडांना घेऊन पोहण्याच्या तलावापाशी येऊन बसले. जूनमध्ये ॲरिझोनात दिवसा बाहेर बसणं म्हणजे तापल्या तव्यावर बसणं. माणसं घुबडासारखी अंधार पडल्यावरच बाहेर येतात. त्यातून म्हाताऱ्यांची अर्धी वसाहत उन्हाळ्यापुरती उत्तरेला लेकीसुनांकडे गेलेली. समोरच्या दुमजली इमारतीत मोजक्याच खिडक्यांत उजेड होता.

वरच्या व्हरांड्यातून रुबेन रखवालदार चालला होता. त्याच्या मनगटात पिवळ्या प्लॅस्टिकच्या सूर्यांचा जुडगा होता. एकेका दाराशी थांबायचा, दाराच्या मुठीला एक सूर्य अडकवायचा, पुढे जायचा. टक्. टक्. टक्.

"हे काय करतोय तो?" टेसानं विचारलं. ती कॉलेजात शिकत होती. धाकट्या भावाला, कोलला, घेऊन कालच मिनेसोटाहून सुट्टीला आली होती.

"उद्याच्या हजेरीची तयारी," आजोबा म्हणाले. "रात्री तो सूर्य लावतो. सकाळी जाग आली की ज्याचा त्यानं काढून आत घ्यायचा. नऊ वाजता ऑफिसातली बाई चक्कर मारते. ज्याच्या दारावर सूर्य तसाच, त्याचं दार ती वाजवते. आतून ओ आली नाही, तर किल्ली लावून शिरते."

"म्हणजे सूर्य काढलेला दिसला की माणूस जिवंत."

"असं धरून चालायचं."

कोलला हसू आलं. "आणि शेजाऱ्यानंच काढला तर?"

आजोबांनी हातातला थंड चहाचा पेला खाली ठेवला. त्यांनी वर रुबेनकडे पाहिलं. तो आता व्हरांड्याच्या टोकाला पोचला होता. मधली दोन दारं त्यानं सोडून दिली होती.

"मग ऑर्विल टिफ्टची गोष्ट ऐका," ते म्हणाले. "ती दोन दारं दिसतात ना, त्यातलं पलीकडचं त्याचं. मरायच्या आधी चार दिवस तो इस्पितळात होता, तेव्हा त्यानं स्वतःच्या तोंडानं मला सांगितली. मी पदरचं काही घातलेलं नाही."

*

ऑर्विल रोज पहाटे, ऊन चढायच्या आत फिरायला निघायचा. निघताना त्याला एक छोटंसं काम असायचं. शेजारच्या दारावरचा सूर्य काढायचा आणि दाराखालच्या बोटभर फटीतून आत सरकवायचा. बस्स. वाकताना गुडघे कुरकुरायचे, पण दोन वर्षांत एकदाही त्यानं ते चुकवलं नाही.

शेजारीण म्हणजे नोरीन. सगळा जन्म आयोवातल्या शाळेत पोरांना बँड शिकवण्यात घालवलेली बाई. जीभ कातरीसारखी. हातापायांची नखं कायम पोवळ्याच्या रंगात रंगवलेली, पायात नारिंगी लोकरीच्या सपाता. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत एकटीच पत्ते लावत बसायची आणि सकाळी दहाशिवाय तिला जाग यायची नाही. साहजिकच तिचा सूर्य नऊला दारावर. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा ऑफिसातली दोन माणसं किल्ली लावून आत आली, तेव्हा ही कवळीशिवाय, नाइटगाउनमध्ये, पलंगावर बसून त्यांच्याकडे बघत होती.

त्या दिवशी मॅनेजरबाई गोड हसून म्हणाली, "नोरीन, पलीकडे एक छान उजेडाची खोली रिकामी झालीय. एकदा बघून तरी या."

पलीकडे म्हणजे गाड्यांच्या आवारापलीकडची ती बैठी इमारत. इथे प्रत्येकजण आपलं आपण राहतो. ज्याला आपलं आपण राहता येत नाही तो पलीकडे जातो. तिथली दारं बाहेरून उघडतात. तिथून इकडे परत आलेला माणूस कुणी पाहिलेला नाही.

ऑर्विललाच दया आली. तो म्हणाला, "तुझा सूर्य मी काढत जाईन."

"आणि त्या बदल्यात?"

"मी टीव्ही लावला की भिंत वाजवायची नाही."

"मग कानात यंत्र घाल. बहिरा नाही म्हणतोस आणि बेसबॉल अख्ख्या मजल्याला ऐकवतोस."

"भिंत वाजवायची नाही, नोरीन."

"बरं बाबा. मेले तरी वाजवणार नाही."

असा तो ठराव झाला. दोघांनी पाळलाही. ती लाकडी डाव घेऊन भिंतीवर ठकठक करायची, ते बंद झालं. दोघांची जोडी जमली. तो तिला आपल्या गोल्फच्या गाडीतून टपालपेटीपर्यंत न्यायचा, ती त्याला पत्त्यांत हरवायची. पडलो-झडलो तर दाबायला म्हणून इथे प्रत्येकाला गळ्यात घालायची एक कळ देतात. नोरीननं ती खिडकीतल्या निवडुंगाच्या कुंडीला बांधली होती. ऑर्विलनं मोरीतल्या खुंटीला. "गळ्यात घंटा बांधायला मी काय गाय आहे?" असं तो म्हणायचा.

मग त्या वर्षीच्या जूनमध्ये एका संध्याकाळी, दिवेलागणीला, ऑर्विलची गाडी रस्ता सोडून थेट एका निवडुंगावर चढली. कुत्रं फिरवायला निघालेली एक बाई हातभर अंतरानं वाचली. गाडीत शेजारी नोरीन होती. ऑर्विलला अंधार पडला की दिसेनासं झालं होतं, हे इतर कुणाला ठाऊक नव्हतं. नोरीनला होतं.

शनिवारी रात्री जेवणाच्या हॉलमध्ये मॅनेजरबाई त्याच्या खुर्चीपाशी आली आणि हात पुढे करून गाडीची किल्ली मागून घेऊन गेली. सगळ्यांसमोर. जाताना म्हणाली, "डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एकदा जाऊन येऊ. मग पुढचं बोलू."

पुढचं म्हणजे काय, ते टेबलावरच्या प्रत्येकाला कळलं.

ऑर्विल नोरीनकडे वळला. "तू सांगितलंस."

"हो, सांगितलं."

"माझ्या पाठीमागे."

"तुझ्यासमोर सांगितलं असतं, तर तुला दिसलं असतं का?"

टेबलावर खसखस पिकली. ऑर्विलचे कान लाल झाले. "ते कुत्रं मधे आलं."

"ऑर्विल, तुला अंधारात कुत्रं कुठलं आणि टपालपेटी कुठली ते कळत नाही. परवा तू टपालपेटीला हॅट काढून नमस्कार केलास. मी बघितलं."

आता तर वाढणाऱ्या मुलीही तोंड फिरवून हसायला लागल्या. ऑर्विलनं रुमाल ताटात टाकला आणि उभा राहिला. "उद्या तुझा सूर्य कोण काढतं बघ."

नोरीननं त्याच्या हातावर थोपटलं. "बस, वेड्या. पुडिंग यायचंय."

तो बसला नाही.

घरी येऊन त्यानं टीव्ही लावला. मोठ्यानं. दहाचे अकरा झाले, मॅच संपली, दुसरी लागली. मध्यरात्रीच्या सुमाराला भिंत वाजली.

ठक. ठक.

त्याचं डोकंच फिरलं. चुगली करून वर भिंत वाजवतेय. ठराव मोडतेय. त्यानं आवाज वाढवला. भिंत वाजतच राहिली, पण ठोके वरून नव्हते येत. खालून, अगदी जमिनीजवळून येत होते. हे त्याच्या ध्यानात आलं. तसं त्यानं मला सांगितलं. ध्यानात आलं, आणि त्यानं आवाज आणखी वाढवला.

पहाटे तो बाहेर पडला. शेजारच्या दारावर सूर्य होता. आज काढायचा नाही, हे त्यानं रात्रीच ठरवलं होतं. येऊ दे त्यांना किल्ली लावून. जाऊ दे हिला पलीकडे. तो पुढे निघालाही.

तेवढ्यात दाराच्या आतून, खालच्या बाजूनं आवाज आला.

"ऑर्विल... तूच ना?"

तो थांबला.

"ऑर्विल, राजा... सूर्य राहू दे हं. काढू नकोस."

दोन वर्षांत ती त्याला कधी राजा म्हणाली नव्हती. तिचा आवाज कोरडा पडला होता, पण ऑर्विलच्या कानात अजून कालचं हसू घुमत होतं. तिला सूर्य राहायला हवाय. हवाय ना? मग नाहीच.

"आता गोड बोलतेस," तो म्हणाला.

त्यानं सूर्य काढला. वाकला. फटीतून आत सरकवला. आणि फिरायला गेला.

*

"त्याला कळलं नव्हतं?" टेसानं विचारलं. "ती पडलीय हे?"

"त्या दिवशी त्यानं स्वतःला सांगितलं, की नाटकं करतेय."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

तलावाच्या पाण्यात एक पाखरू पडलं होतं, त्याची फडफड तेवढी ऐकू येत होती.

*

दुसऱ्या दिवशी पहाटे व्हरांड्यात भट्टीसारखी हवा होती. ऑर्विल तिच्या दाराशी उभा राहिला. रुबेननं रात्री नवा सूर्य लावला होता. आतून काही आवाज नव्हता. दाराच्या फटीतून बाहेरची ती गरम हवा आत शिरत होती, आणि फटीशी कुणीतरी होतं. कुणीतरी श्वास घेत होतं.

सूर्य राहू दिला, तर नऊला ती सापडणार होती. सापडली, तर बोलणार होती. काल कुणी ऐकलं, ऐकून काय केलं, ते सगळं सांगणार होती. गाडीची किल्ली तर गेलीच होती, मग त्याला घरही सोडावं लागलं असतं.

त्यानं सूर्य काढला आणि आत सरकवला.

सूर्य थोडा आत गेला. अडला. आणि परत बाहेर आला.

आतून कुणीतरी तो बाहेर ढकलत होतं. फटीत बोटांची टोकं दिसली. पोवळ्याच्या रंगाची नखं. तुटलेली.

ऑर्विलनं इकडेतिकडे पाहिलं. व्हरांडा रिकामा होता. त्यानं बुटाच्या टोकानं सूर्य आत ढकलला, आणि तो पुन्हा बाहेर येईनासा होईपर्यंत बूट तिथेच धरून ठेवला.

मंगळवारी झाडलोट करायला लुपे आली, तेव्हा तिला दार पुरतं उघडता आलं नाही. नोरीन दारालाच टेकून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. एक सपात पायात होती, दुसरी स्वयंपाकघरात. दोन्ही सूर्य हाताखाली. डॉक्टर म्हणाले, सोमवारी संध्याकाळपर्यंत जीव होता.

तिच्या प्रार्थनासभेत ऑर्विल इतका रडला, की लोकांनी त्याला धरून बसवलं. "रोज तिची काळजी घ्यायचास रे," म्हणाले. मग त्यानं लिंबाच्या केकचे दोन तुकडे खाल्ले. मी शेजारीच होतो.

डोळ्यांच्या डॉक्टरचं पुढे कुणी काढलं नाही. एवढ्या दुःखात असलेल्या माणसाला कोण पलीकडे पाठवणार?

वर्ष गेलं. नोरीनच्या घरात अजून कुणी राहायला आलं नव्हतं. पुन्हा जून आला. जूनचा दुसरा शनिवार. ऑर्विल रात्री टीव्ही बघत बसला होता. बाहेर वारा पडलेला. चंद्र नाही. रुबेन दहाला सूर्य लावून गेला, तो टक् असा आवाज त्यानं ऐकला.

मध्यरात्रीच्या सुमाराला भिंत वाजली.

ठक. ठक.

त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला. या वेळी कमी केला. ठोके थांबले नाहीत. त्यानं टीव्ही बंद केला.

ठोके थांबले.

तो अंधारात बसून राहिला. मग उठला. दिव्याचं बटण दाराजवळ होतं. त्याला काही दिसत नव्हतं, पण घर पाठ होतं. चार पावलं टाकली असतील. पायाखाली काहीतरी आलं. मऊ. लोकरीसारखं.

पाय घसरला.

खुबा मोडल्याचा आवाज त्याचा त्यालाच ऐकू गेला. बोटभर लाकूड मोडावं तसा.

कळ मोरीतल्या खुंटीला होती. फोन ओट्यावर. त्यानं हाका मारल्या. खालचं बिऱ्हाड उन्हाळ्याचं उत्तरेला गेलेलं. शेजारी एका बाजूला कपडे धुण्याची खोली, दुसऱ्या बाजूला... नोरीन.

तो सरपटत निघाला. हातभर जायचा, थांबायचा, पुन्हा निघायचा. दाराशी पोचला तेव्हा फटीखाली करडा उजेड आला होता. मूठ उंच होती. हात पुरला नाही. पण आता हरकत नव्हती. सूर्य दारावर आहे. नऊला बाई येईल. सूर्य बघेल. दार वाजवेल. किल्ली लावेल. फक्त नऊपर्यंत पडून राहायचं. गाल फरशीला लावून तो फटीकडे बघत राहिला. त्याला हसूसुद्धा आलं.

मग पावलं ऐकू आली.

व्हरांड्याच्या त्या अंगानं. एक पाऊल मऊ. एक पाऊल उघडं.

फस्... टप्. फस्... टप्.

दाराशी थांबली.

"कोण आहे?" ऑर्विल म्हणाला. "अहो... मी पडलोय."



बाहेर, त्याच्या डोक्यावर, मुठीवरून सूर्य निघाल्याचा आवाज झाला. टक्.

"नको," ऑर्विल म्हणाला. "तो राहू दे. काढू नका. राहू दे..."

फटीतून सूर्य आत आला. हळू. त्याच्या नाकाशी येऊन थांबला.

त्यानं बोटांनी तो बाहेर ढकलला. कुणालातरी दिसेल. कुणीतरी बघेल. अर्धा बाहेर गेला.

परत आत आला.

पुन्हा ढकलला.

परत आत.

फटीतला उजेड दोन जागी काळा झाला होता. दोन पावलं. एक नारिंगी सपातेतलं. एक अनवाणी, नखं रंगवलेलं. सपातेचं टोक सूर्यावर होतं. हलत नव्हतं.

"नोरीन..." तो म्हणाला. "नोरीन, माझी राणी..."

बाहेर कुणीतरी वाकलं. गुडघे कुरकुरले. फटीतून गरम श्वास आला.

"आता गोड बोलतोस."

*

नऊला बाई आली. तिच्या बुटांच्या टाचा त्याच्या कानाशेजारून गेल्या. दारावर सूर्य नव्हता. ती थांबली नाही. त्याचा घसा सुकला होता, आणि वरच्या थंड हवेच्या यंत्राची घरघर चालू होती. सोमवारी पहाटे पुन्हा ती पावलं आली. पुन्हा सूर्य आत आला. मंगळवारी लुपेला दार पुरतं उघडेना.

"त्याच्यात जीव होता," आजोबा म्हणाले. "चार दिवस टिकला. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, मर्ल, पाणी दे. मी पेला पुढे केला. त्याला पेला दिसेना. माझ्या मागे दाराकडे बघत म्हणाला, ती पिऊ देत नाही."

"तुम्ही त्याचे मित्र ना?" टेसा म्हणाली. "रविवारी दिसला नाही, तर कुणी चौकशी केली नाही?"

"सूर्य काढलेला होता."

"आणि रुबेन?"

"तो बायबलवर हात ठेवून सांगतो, की दोन्ही रात्री त्यानं सूर्य लावला. तेव्हापासून त्या दोन दारांना तो लावत नाही. ऑर्विलच्या घरातलं सगळं सामान काढलंय. गालिचासुद्धा उचललाय. रंग देऊन झालाय. येणारे बघून जातात, कुणी घेत नाही."

पाण्यातल्या पाखराची फडफड थांबली होती.

आजोबांनी पेला उचलला. "चला. झोपा आता."

तिघं जिना चढून वर आले. आजोबांचं घर व्हरांड्याच्या टोकाला. वाटेत ती दोन दारं लागत होती. नोरीनच्या दारावरून ते गेले. ऑर्विलच्या दाराशी कोल थांबला.

दाराखालच्या फटीतून एक पिवळी कड बाहेर आली होती. नखाएवढी.

"हे तुम्हीच ठेवलंत ना, आजोबा?" कोल म्हणाला. "आम्हाला घाबरवायला."

आजोबा पुढे चालतच राहिले. "त्याला पाय लावू नकोस."

पण पोरगं ते. त्यानं बुटाच्या टोकानं ती कड आत ढकलली. प्लॅस्टिक उघड्या फरशीवरून घासत गेलं आणि दिसेनासं झालं. "बघ, काही नाही," तो टेसाला म्हणाला, आणि दोघं भराभर आजोबांच्या मागे गेले.

आपल्या दाराशी आजोबा किल्ली शोधत उभे होते. एका खिशात नव्हती, दुसऱ्या खिशात चाचपत होते. त्यांच्या दाराच्या मुठीला रुबेननं लावलेला सूर्य लोंबत होता. वारा नव्हता.

टेसानं मागे वळून पाहिलं.

व्हरांड्याच्या दिव्याखाली, ऑर्विलच्या दारासमोर, सूर्य पुन्हा बाहेर आला होता.

आता अर्धा.